रांजणातला वुफर

आबांचे कान गेले ते हळूहळू गेले, म्हणून ते कधी गेले हे घरात कोणालाच नीट सांगता आलं नसतं. आबा म्हणजे माझे वडील. पारोळ्याबाहेरच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, ते लग्नाआधीपासून कामाला होते. हंगाम सुरू झाला की पांढरे होऊन घरी यायचे. भुवयांवर, मिशीत, कानाच्या पाळ्यांवर कापसाचा भुगा बसलेला असायचा. माय त्यांना ओट्यावरच थांबवून ओल्या फडक्याने झटकायची. मग आत येऊन ते "पाणी दे" म्हणायचे, ते इतक्या मोठ्याने की शेजारची सिंधूअक्का तिच्या घरातून ओरडायची, "देस वो भाऊ, देस!" आम्ही हसायचो. जिनातली माणसं अशीच बोलतात असं आम्ही धरून चाललो होतो. खरं म्हणजे जिनात बोलणं फारसं नसायचंच. यंत्रांच्या आवाजात एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. पाणी, जेवण, थांब, पट्टा सुटला, मुकादम आला, सगळ्याला खुणा होत्या. त्यातल्या पुष्कळ आबांबरोबर घरी आल्या. भाकरी तव्यावर फुगली की मी त्यांच्याकडे बघून मूठ उघडायची, म्हणजे 'तयार आहे, या.' मला ही भाषा फार सोयीची वाटायची. तोंड उघडावं लागत नसे.

घरात चैनीची वस्तू एकच होती, डेक. गावातल्या एकाने सुटे भाग आणून जुळवलेला, लाकडी पेटीतला अँप्लिफायर, त्यावर कॅसेट लावायचा टेप आणि दोन बाजूंना कापड लावलेले स्पीकरचे दोन डबे. गाणं लागलं की समोरच्या काचेत तांबडे-हिरवे दिवे वर-खाली नाचायचे. मायने डब्यांवर घालायला लोकरीची झालर विणली होती. सुट्टीच्या दिवशी आबा आंघोळ करून, केसांना तेल लावून डेकसमोर मांडी घालून बसत आणि भजनं लावत, आपली अहिराणी गाणी लावत, आणि सगळ्यात शेवटी पावरीची कॅसेट. पावरी म्हणजे पश्चिमेकडच्या डोंगरातले आदिवासी वाजवतात ते भोपळ्याचं आणि बांबूचं वाद्य, त्याच्या जोडीला मोठा ढोल. आत चुलीवर माय कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत असायची. विस्तवावर भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा उठायचा, आबांना ठसका लागायचा आणि ते ठसकत ठसकत मांडीवर ताल धरायचे. मी आता धुळ्यातल्या देवपुरात मुलाच्या घरी राहते. नातवाकडे मुठीएवढा डबा आहे, त्यातून म्हणे सगळ्या जगातली गाणी येतात. पण गाण्याचा आवाज आणि मिरचीचा खकाणा एकाच वेळी आल्याशिवाय ते मला गाणं वाटतच नाही.

पुढे पुढे आबा आवाजाचं बटण थोडं थोडं उजवीकडे नेऊ लागले. सिंधूअक्का भिंतीपलीकडून म्हणायची, "भाऊ, आम्हना कॅसेटना पैसा वाची राहिनात!" आबांना ते कळायचं नाही, माय तिला हात जोडायची. बटण शेवटाला टेकलं तेव्हा डब्यांतून फाटल्यासारखा आवाज यायला लागला. एका सकाळी आबा बराच वेळ डेकसमोर नुसते बघत बसले आणि मग मागे वळून आम्हाला म्हणाले, "दिवा नाची राहिनात. गानं कोठे शे?" गाणं तर एवढं मोठ्याने लागलेलं होतं की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मायने पदर तोंडाला लावला. आबांनी बटण बंद केलं, गोधडीचा एक तुकडा आणून डेकवर टाकला आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी डेकला हात लावला नाही.

त्याच हंगामात जिनाने त्यांना काढून टाकलं. पट्टा सुटल्यावर मागून कोणी अगदी जवळून ओरडलं तरी आबा वळले नाहीत, एका माणसाचा हात थोडक्यात वाचला. त्यांना काढलं ते बरोबरच होतं, असं माय आजूबाजूला सांगायची. घरात मात्र ती चुलीशी बसून जाळ नसताना फुंकर घालत राहायची. धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की कानाची नस गेली आहे, कानातलं मशीन लावून बघा. मायच्या हातातल्या पाटल्या मोडून ते मशीन आलं. ते कानात शिट्ट्या मारायचं आणि ताटाला वाटी लागली तरी आबा दोन्ही हातांनी डोकं धरायचे. काही दिवसांनी त्यांनी ते काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं.

मग सगळे आबांच्या कानात ओरडू लागले. माय ओरडायची, सिंधूअक्का ओरडायची, पाहुणे आले की चहा पिण्याआधी एकेकदा ओरडून बघायचे. माणूस ओरडला की त्याचा आवाज चिरतो, बारीक होतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. आबा त्यांच्या तोंडांकडे बघत राहायचे आणि शेवटी मान हलवायचे, म्हणजे 'झालं, पुरे.' मला तर ओरडताही येत नव्हतं. शाळेत गुरुजी वाचायला उभं करायचे तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीलाही माझं वाचन ऐकू जात नसे. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही हे शाळेला कळलं असेल की नाही, कोण जाणे. आबांना ऐकू येत होतं तेव्हा घरात फक्त तेच माझं बोलणं पुरतं ऐकायचे. वाकायचे, कान जवळ आणायचे आणि मला लाडाने "बोल माय" म्हणून वाट बघायचे. आता ते वाकतच नव्हते. जिनाच्या खुणा केल्या तरी नजर दुसरीकडे नेत. वरणात भाकरी कुस्करून ठेवलेली तशीच राहायची, तिच्यावर साय धरायची, आणि ती संध्याकाळी गायीला जायची. अंगातला सदरा दिवसेंदिवस मोठा होत गेला. एकदा कधी नाही ते बोलले, "माले कसाले बसाडी ठेयेल शे?" मला कशासाठी बसवून ठेवलंय. आम्ही काही म्हटलं असतं तरी ते त्यांच्यापर्यंत गेलं नसतं.

आमच्या घरापासून थोडं पुढे गेलं की धुळे-जळगाव हायवे लागतो. एका दुपारी एक ट्रक ड्रायव्हर आबांना दंडाला धरून घेऊन आला.

"बाई, हे तुमचे का?"

माय पीठ भरलेल्या हातांनी बाहेर आली.

"मघापासून हॉर्न देतोय. रस्त्याच्या मधोमध चालले होते. ब्रेक लागला म्हणून, नाहीतर आज माझ्या हातून..."

"बहिरे आहेत हो भाऊ," माय म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

"बहिरे आहेत, मान्य. पण एवढी गाडी मागे येते तर एकदा तरी वळून बघेल ना माणूस? वळले नाहीत हो. उलट हळू झाले!"

सिंधूअक्काने त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला आणि निघून गेला. आबा आत जाऊन आपल्या जागेवर भिंतीला टेकून बसले, जसं काही झालंच नव्हतं. त्या दिवसापासून मायने एकच गोष्ट मनात धरली. ती तिने मला सांगितली नाही, पण मला माहीत होती, कारण तीच माझ्याही मनात होती. आबांना गाडी ऐकू आली नव्हती, की ऐकू येऊनही ते बाजूला झाले नव्हते? पहिलं असेल तर त्यांना जपायचं, एवढंच. दुसरं असेल तर काय करायचं, हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. माय दारात सूप घेऊन बसायला लागली. निवडलेलं धान्य पुन्हा निवडायची. ती उठली की मी बसायची.

अशीच मी दारात बसलेली असताना गल्लीतून एक वरात गेली. पुढे बँड, मागे गाडीवर माणसाच्या उंचीचे डबे. आमच्या फळीवरची भांडी खणखणायला लागली. मी सहज मागे बघितलं तर आबांनी मान वर केली होती. किती दिवसांनी केली होती! त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला, मग दुसरा ठेवला. वरात वळणावरून लांब गेली तसा त्यांचा चेहरा पुन्हा विझला, आणि हात मात्र पुष्कळ वेळ भिंतीवर तसेच राहिले. मला वाटलं, भिंतीतून का होईना, काहीतरी आत गेलं.

हे मी भिकामामाला सांगितलं. भिकामामा मायचा धाकटा भाऊ. बसस्टँडच्या मागे त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की तिच्यातली जळकी तार काढून नवी गुंडाळतात, त्याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. मी त्याच्याकडे जळकी तार सोडवायला आणि मोटारीत घालायचे कागद कापायला जायची.

"जराखी मोठ्याने बोल, शकू," तो म्हणाला, "नाहीतर माले वाटी मीबी बहिरा व्हई गऊ."

मी पुन्हा सांगितलं. त्याने हातातली हातोडी ठेवली.

"म्हणजे जाडा आवाज जास दाजीले?"

"जातो असं वाटलं."

"मंग त्यात काय? आपला डेकले वुफर लावू. वरातीवाल्यांकडे असतोच. दाजी घरात बसीसन नाचतील, दख तू!"

भिकामामाला सगळंच सोपं वाटायचं. पण नवा वुफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, आणि त्याची लाकडी पेटी आम्हाला झेपणारी नव्हती. एका बँडवाल्याकडे फाटलेला मोठा स्पीकर पडून होता. तो मामाने त्याचा पंप दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर आणला. स्पीकरचा कागदी पडदा ज्या ठिकाणी फाटला होता तिथे मी पातळ सुती चिंधी डिंकात भिजवून चिकटवली, सुकवली, पुन्हा चिकटवली. पेटी म्हणून मायने रांजण दिला. त्याला खालून चीर गेली होती म्हणून त्यात पाणी न भरता ती दादर, म्हणजे ज्वारी, भरून ठेवायची. तिने ती सगळी दादर पोत्यात ओतली आणि रांजण कोपऱ्यातल्या मातीच्या खळग्यात नीट बसवला. आतून हात फिरवून पुसताना म्हणाली, "काहीबी कर भो, पण कर." ती भावाला भाऊ म्हणून नाही, डॉक्टरला म्हणावं तसं म्हणाली. मामाने सायकलची जुनी ट्यूब चिरून रांजणाच्या काठावर लावली, त्यावर वुफर उपडा ठेवला आणि तारेने आवळला.

आता तो डेकला जोडायचा होता. मामाने हयातभर मोटारी भरल्या होत्या. जास्त काम पाहिजे तर जास्त जोर लावायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन डब्यांच्या तारा ज्या जागी जात होत्या त्याच जागी त्याने रांजणाच्याही तारा जोडल्या आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. रांजण एकदा घुमला. खरंच घुमला! मग डेकमधून वास आला, दिवे वर जाऊन तिथेच थांबले आणि लाकडी पेटीच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. आबा आपल्या जागेवरून बघत होते. त्यांनी वास घेतला, डेककडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मामा जमिनीवर बसून राहिला. त्याला चेष्टा सुचली नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते.

माय म्हणाली, "बस कर आता. राहू दे." आणि सूप घेऊन दारात गेली. मला तिचं ते 'राहू दे' सहन होईना. डेक राहू दे असं ती म्हणतच नव्हती, हे मला कळत होतं. मी गोधडीच्या त्याच तुकड्यात डेक गुंडाळला आणि दुकानात जाऊन मामासमोर उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, शर्ट चढवला आणि दुकानाला कुलूप लावलं.

देवपुरात पांझरेच्या पुलापासून जवळच मामाच्या ओळखीचा एक कारागीर बसायचा. बँडवाल्यांचे आवाजाचे खोके दुरुस्त करायचा. तोंडात पान, समोर उघडे पडलेले डेक, आणि बोलणं थांबायचं नाव नाही. एसटीत मी डेक मांडीवर घेऊन बसले होते, त्याच्या समोर ठेवला तेव्हा मांडी बधिर झाली होती. त्याने झाकण काढलं आणि वास घेतला.

"मोटारवाल्याने जोडला वाटतं?" तो म्हणाला. "विहिरीत सोडायचा होता का?"

मामा कसंनुसं हसला.

"तरी बरं, एक आयसीच गेलाय. बाकीचा वाचला. आणि एवढा घुमणारा आवाज पाहिजे कशाला? लग्न आहे का घरी?"

"हो, हो, लगीनच शे," मामा घाईने म्हणाला. घरातलं दुखणं त्याला परक्यापुढे काढायचं नसावं.

"कोणाचं? हिचं?"

मी म्हणाले, "आबांना ऐकू येत नाही." परक्या माणसाशी मी आपणहून बोलल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. तो माणूस पुढे वाकला, "काय म्हणालीस?" मी पुन्हा म्हणाले, "आबांना ऐकू येत नाही. जाड आवाज येतो. ते जेवत नाहीत." एवढं बोलून मी रडायला लागले, आणि ते काही केल्या थांबेना. दुकानातलं गिऱ्हाईक उठून बाहेर जाऊन उभं राहिलं.

त्यानंतर तो कारागीर जास्तीचं बोलला नाही, चेष्टाही केली नाही. त्याने आयसी बदलला आणि मामाला समजावलं की तिन्ही स्पीकरांनी एकदम ओढलं तर डेकचा जीव जाणार. बारीक आवाज डब्यांकडे जाऊ दे आणि जाड आवाज रांजणाकडे. डब्यांच्या वाटेत कंडेन्सर लाव, रांजणाच्या वाटेत तारेची जाड गुंडाळी. कंडेन्सर त्याने खणातून शोधून दिले. "गुंडाळी विकत घेऊ नको, तुझ्याकडे तांब्याला काय तोटा?" मामाचे डोळे लकाकले. गुंडाळणं हा तर त्याचाच धंदा.

ती गुंडाळी मी केली. जळक्या मोटारींतून काढलेल्या तारेतली जी अजून चांगली होती ती मामाने निवडून दिली. पाइपचा तुकडा दोन फळ्यांमध्ये बसवला आणि मी तार ओढून धरत, थराला थर लावत गुंडाळत गेले. मामा दर थोड्या वेळाने येऊन थर बघायचा आणि "ढिला शे, उकल," म्हणायचा. मी उकलायची. बोटांना तार कापायची, त्यावर मी चिंधी बांधली. घरी माय दारातच होती. त्या दिवसांत आबा दोनदा उठून दारापर्यंत आले होते. मायने पाय आडवा घातला होता आणि ते परत गेले होते. नवऱ्याला पाय लावला म्हणून ती नंतर देवापुढे बसली. माझ्याकडे वेळ नाही असं मला वाटत होतं. कशाला वेळ नाही, हे मनातल्या मनातही पुरं म्हणायची हिंमत नव्हती.

जोडायच्या दिवशी मामाने तारा दहा वेळा तपासल्या. आबांना उठवून रांजणाजवळ बसवलं. ते नाखुशीने बसले, गुडघ्यांना मिठी घालून. माय दारातच होती, तिने जागा सोडली नाही. मी पावरीची कॅसेट घातली आणि बटण अगदी थोडंसं फिरवलं, कारण आता जास्त फिरवायची भीती बसली होती. डब्यांतून पावरी सुरू झाली. आबा हलले नाहीत. मग ढोल आला.

रांजणातून तो आवाज आला तो कानाने ऐकायचा आवाज नव्हताच. तो पायाखालून आला, पाठीच्या हाडांतून आला. रांजणाच्या कडेची माती थरथरून खाली पडली. आबांनी गुडघे सोडले. मान आधी एका बाजूला केली, मग दुसऱ्या. मग गुडघ्यांवर पुढे सरकत गेले आणि दोन्ही तळहात रांजणाच्या पोटावर ठेवले, गरोदर बाईच्या पोटावर सुईण ठेवते तसे. थोड्या वेळाने एक हात मांडीवर आला आणि त्याचं एक बोट हलायला लागलं. ढोलाबरोबर! ढोल थांबला की थांबायचं, सुरू झाला की सुरू व्हायचं. "वाजी राहिना," ते म्हणाले. "ढोल वाजी राहिना. माले आयकू येस." मामाने मला उचलूनच घेतलं, एवढी मोठी होते तरी. "सांगं नही का तुले! सांगं नही का!"

मी हसत मायकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. माय हसत नव्हती. तिच्या हातातलं सूप कललं होतं आणि दाणे तिच्या पायांवर सांडत होते. ती आबांकडे बघत नव्हती, दाराबाहेर हायवेच्या बाजूला बघत होती. मला कळायला एक क्षण लागला. रांजणातला एवढासा ढोल त्यांना ऐकू येत होता. मग भरलेला ट्रक मागून येतो तेव्हा जमीन हादरते, तो ऐकू आला नसेल?

मामाला काही कळलं नाही. तो चहाचं म्हणत होता. मी डेक बंद केला. आबांनी माझ्याकडे बघितलं, का बंद केलास असं. मी त्यांच्यासमोर बसले. आधी रांजणावर हात ठेवला. मग दाराकडे बोट केलं, रस्त्याकडे. मग जिनातली खूण केली, दोन्ही मुठी पुढे ढकलायची, म्हणजे गाडी. आणि कानाला हात लावला. वाटत होतं, त्यांना समजू नये.

त्यांना समजलं. ते मायकडे बघून, माझ्याकडे बघून म्हणाले, "हां. उना व्हता आयकू." आला होता ऐकू.

माय दारातून आत आली. तिचे हात वर झाले आणि तसेच अधांतरी राहिले. कुठल्या खुणेने विचारावं हे तिला सुचलं नसावं. आबांनी ते हात बघितले आणि न विचारताच सांगितलं. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मला वाटतं आम्ही त्यांना हळू बोलताना ऐकलं ते तेवढंच. "इतला दिनथून काहीतरी आवाज ई राहिंता. म्हटलं, अजून जवळ येऊ दे." इतक्या दिवसांनी कसला तरी आवाज येत होता, तो अजून जवळ येऊ दे.

मी त्यांचं ते बोलणं मानलं. त्या दिवशीही मानलं आणि आजही मानते. कितीतरी महिने जग मुकं झालेलं असताना पाठीमागून एक आवाज उठतो, पायांत शिरतो, मोठा होत जातो, तर माणूस थांबून तो अंगावर घेईल, असं मला वाटतं. मायने मानलं नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "जवळ म्हणजे कितला जवळ?" आबांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मी आज मोठी आहे, तरी तो 'कितला' अजून मोजते आहे. पण त्या संध्याकाळी आबा रांजणाला पाठ लावून जेवले. अर्धी भाकरी खाल्ली आणि कच्चं तेल घातलेली खिचडी पुन्हा मागून घेतली. मायने ताट उचलताना मला एवढंच सांगितलं, "बठ्ठा दिवस लावी ठेव. त्यासले आवाज घरमाच मियू दे." आवाज घरातच मिळाला तर तो शोधायला ते बाहेर जाणार नाहीत, एवढा तिचा हिशेब.

म्हणून डेक सकाळपासून सुरू असायचा. सिंधूअक्काला मायने काय सांगितलं मला माहीत नाही, पण ती एका शब्दाने कुरकुरली नाही. फक्त आमच्याकडे तेव्हा विजेचा काही भरवसा नव्हता. थोड्याच दिवसांनी एका दुपारी ढोल मध्येच तुटला, काचेतले दिवे विझले. आबांचा हात रांजणावर होता. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. हात सरकवून दुसऱ्या जागी ठेवला, मग तिसऱ्या. मग उठले आणि भिंतीशी काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या.

मी जागची उठेपर्यंत माय मागच्या पडवीत गेली होती. तिथे जमिनीत बसवलेलं दगडी उखळ होतं. तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि कांडायला लागली. पहिला घाव, दुसरा घाव. तिचा पदर खांद्यावरून सरकला, तिने तो सावरला नाही. आबा उंबऱ्यात थांबले. एक पाय बाहेर होता. त्यांनी मान एका बाजूला केली. मग वळले, चपला तशाच पायात ठेवून घरातून चालत पडवीत आले, उखळाशेजारी बसले आणि जमिनीवर तळहात टेकवला. माय त्यांच्याकडे न बघता कांडत होती. तिचा दम लागला की मी मुसळ घ्यायची आणि माझे हात भरून आले की ती. मध्ये खंड पडू द्यायचा नव्हता.

सिंधूअक्का मागच्या दारातून डोकावली. "काय कांडी राहिन्यात वो मायलेकी, भरदुपारना?"

"मिरच्या," माय म्हणाली.

उखळात काही नव्हतं.